कुप्याची कोशिंबीर



हॉटेलात ज्याला ट्यूना म्हणतात तो आपला कुपा. त्याची कोशिंबीर सोपी आहे. बोटभर जाडीच्या तुकड्यांना मीठ व मिरपूड लावावी. तवा कडक तापवून थोड्या तेलावर दोन्ही बाजू खरपूस कराव्या. हॉटेलात आतून लालसर ठेवतात; आपण बाजारची मासळी आतपर्यंत शिजवावी. मग फोडी करून कांदा, काकडी, कोथिंबीर घालावी व वर लिंबू पिळावे.

पण एक गोष्ट सांगायचीच आहे. एकदा मी कुपा उन्हातून आणला आणि दुपारभर ओट्यावर ठेवला. वास आला नाही, भाजलाही छान. जेवून अर्धा तास झाला नाही तोच मुलाचा चेहरा लालबुंद झाला, अंगाला खाज सुटली, डोके दुखू लागले. मी कोळणीला बोल लावला. डॉक्टर म्हणाले, हा मासा उबेत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होते. ते शिजवून जात नाही आणि लिंबानेही जात नाही. दोष कोळणीचा नव्हता, माझा होता.

म्हणून बाजारात जाताना डब्यात बर्फ न्या, घरी येताच मासा फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी करा.