एका कॉमाचं गाडीभाडं

आज बोलायचंय इंग्रजीतल्या स्वल्पविरामाबद्दल, म्हणजे आपल्या कॉमाबद्दल. हसू नका, या कॉमाचा आमच्या गटाला चांगलाच फटका बसलाय.

आम्ही मसाल्याची ६० पाकिटं बंगळूरच्या एका दुकानात पाठवली. वाटेत ८ फाटली. दुकानातून फोटो आला. तिथं मराठी कळत नाही, म्हणून मी मोबाइलवर इंग्रजीत लिहिलं, ‘प्लीज रिटर्न द पॅकेट्स, विच आर टॉर्न.’ चार दिवसांनी सगळी ६० पाकिटं दारात! जाण्यायेण्याचं भाडं आमच्याच डोक्यावर.

भाची कॉलेजात आहे. ती म्हणाली, “मावशी, पॅकेट्सच्या पुढे कॉमा दिलास, तिथंच चुकलं.”

बघा हं. कॉमा दिला की अर्थ होतो, ‘पाकिटं परत पाठवा, ती फाटलेली आहेत.’ म्हणजे सगळीच फाटली. कॉमा नसेल तर अर्थ होतो, ‘जी पाकिटं फाटली आहेत ती परत पाठवा.’ म्हणजे तेवढीच. मराठीत ‘जी’ आणि ‘ती’ ही जोडी आपलं काम करते. इंग्रजीत ते काम कॉमा करतो.

मग ओळखायचं कसं? ‘हू’ किंवा ‘विच’पासूनचा तुकडा बोटानं झाका. उरलेल्या वाक्यातून कोण, कोणतं हे नेमकं कळतंय? मग कॉमा द्या. कळत नाही? मग देऊ नका.

‘व्हेन’, ‘इफ’चा नियम सोपा आहे. तो तुकडा आधी आला तर त्याच्यानंतर कॉमा: ‘व्हेन इट रेन्स, वी वर्क इनसाइड.’ तोच मागे गेला तर बहुतेक वेळा कॉमा लागत नाही: ‘वी वर्क इनसाइड व्हेन इट रेन्स.’

आता हे वाक्य घ्या: ‘द विमेन हू हॅव पेड विल गेट द लोन.’ कर्ज कुणाला? ज्यांनी पैसे भरले त्यांनाच. ‘हू हॅव पेड’च्या दोन्ही बाजूंना कॉमा दिले, तर सगळ्यांनी भरलेत आणि सगळ्यांनाच कर्ज! म्हणून इंग्रजी कागदावर सही करण्याआधी कॉमा कुठे आहे ते बघा. समजलं नाही तर शिकलेल्या पोरीबाळींना विचारा, त्यात लाज कसली?

आमच्या गटात आता मेसेज पाठवण्याआधी दोघीजणी वाचतात. तुम्हीही वाचा. येते मी, नमस्कार.