पायांच्या फुगलेल्या शिरा आणि एका बीचा अर्क

कोजागिरीच्या सुमारास सोलापुराहून तुळजापुरास पायीं येणाऱ्या यात्रेकरूंचे पाय सुजतात. ती सूज विश्रांतीनें उतरते. पण देवळाबाहेरच्या दुकानांत वर्षानुवर्षें दिवसभर उभें राहणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यापैकीं कित्येकांच्या पोटऱ्यांवर निळ्या, पीळदार शिरा उमटतात आणि सायंकाळीं घोटे जड होतात. पोटरीचे स्नायू शिरांतील रक्त वर ढकलतात. तें खालीं परतूं नये म्हणून शिरांत लहान झडपा असतात. त्या निकामी झाल्या कीं रक्त तुंबतें.

या विकारावर युरोपांत हॉर्स चेस्टनट नामक वृक्षाच्या बियांचा अर्क देतात. १९९६ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत २४० रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांत या अर्कानें आणि पायांस दाब देणाऱ्या घट्ट मोज्यांनीं सूज जवळजवळ सारखीच उतरली. फुगलेली शीर मात्र अर्कानें पूर्ववत् होत नाहीं.

तथापि अर्क म्हणजे बी नव्हे. कच्च्या बियांत एस्क्युलिन हें विषारी द्रव्य असतें. नीट शोधलेल्या अर्कांतून तें काढलेलें असतें. तेव्हां बी कुटून घरीं काढा करण्याची हौस कोणीं करूं नये. त्यांत नांवांचा घोळ! या वृक्षाच्या हिमालयांतील भावंडास गढवाल-कुमाऊंत 'पांगर' म्हणतात. धाराशिवकडील तांबड्या फुलांचा पांगारा अगदीं वेगळा. केवळ नांवावरून काष्ठौषधींच्या दुकानांतून पुडी बांधून आणणें म्हणूनच धोक्याचें.

प्रयोगांतील नेहमींची मात्रा ५० मिलिग्रॅम एस्सिन, दिवसांतून दोनदां. एस्सिन हेंच अर्कांतील गुणकारी द्रव्य. वेष्टनावर त्याचा आंकडा नसल्यास ती बाटली घेऊंच नये. कोणास मळमळतें, कोणास भोंवळ येते, कोणाच्या अंगास खाज सुटते. बहुतेक प्रयोग १६ आठवड्यांपलीकडे गेलेले नाहींत, हेंहि ध्यानांत असावें. रक्त पातळ करणारीं औषधें घेणारे, मूत्रपिंडाचे रोगी, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांनीं हा अर्क टाळावा. मधुमेहाच्या रोग्यानें आधीं डॉक्टरांस विचारावें. "झाडपाल्याचें औषध, बाधेल कशाला?" असें म्हणणारे घरांतील वडीलच पुष्कळदां हृदयविकाराची गोळी घेत असतात, आणि तें डॉक्टरांस सांगावयाचें राहून जातें.

एकच पाय अकस्मात् सुजला, दुखूं लागला, ऊन लागला, तर शिरेंत रक्ताची गुठळी झालेली असूं शकते. तेथें कोणताहि अर्क उपयोगी नाहीं. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. जोडीला दम लागत असेल, तर क्षणभरहि थांबूं नये.