रस्त्याआधी टेकाडाची तपासणी

उपासक-उपासिकांनो,

गावापासून आपल्या वस्तीपर्यंत पक्का रस्ता व्हावा, ही मागणी जुनी आहे आणि हक्काची आहे. पावसाळ्यात आजारी माणसास खाटेवर घालून चिखलातून न्यावे लागते, हे ज्यांनी भोगले त्यांना रस्त्याचे मोल मी काय सांगावे? तेव्हा मी रस्त्याविरुद्ध बोलण्यास उभा आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. माझे म्हणणे इतकेच की, ज्या टेकाडातून रस्ता जावयाचा किंवा ज्याची माती भरावासाठी उचलावयाची, ते टेकाड आधी जाणकारांकडून तपासून घ्यावे.

याचे कारण इतिहासात आहे. १७९४ साली काशीच्या जगतसिंगाने बाजार बांधण्यासाठी सारनाथच्या धर्मराजिक स्तूपाच्या विटा काढून नेल्या. आत करंडकात अस्थी निघाल्या, त्या गंगेत सोडण्यात आल्या. आज तेथे स्तूपाचा पायाच काय तो उरला आहे. याउलट वसईजवळच्या सोपाऱ्याची गोष्ट. तेथील टेकाडास लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. (बुरुडास राजेपण देणारी ही लोकस्मृती मला फार बोलकी वाटते.) १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते शोधबुद्धीने खोदविले. आत दगडी पेटी, एकात एक ठेवलेले करंडक आणि आठ लहान मूर्ती मिळाल्या, आणि हा कोट नसून स्तूप आहे हे सिद्ध झाले. भंडारा जिल्ह्यात पवनीच्या जगन्नाथ टेकडीतही १९६९-७० च्या उत्खननात स्तूपच निघाला. टेकाडाच्या नावावरून त्याच्या पोटात काय आहे हे कळत नाही, ते असे.

आता कायदा पाहू. १९५८ च्या केंद्रीय अधिनियमात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. परंतु जे टेकाड संरक्षित म्हणून घोषितच झालेले नाही, त्यास या मर्यादांचा आधार मिळत नाही. आपल्या शिवारातील टेकाडे बहुधा याच वर्गातील असतात.

तपासणीने रस्ता रखडतो, असे कंत्राटदार सांगतात. इंग्लंडात केंब्रिज व हंटिंग्डन यांच्या दरम्यानचा मोठा रस्ता बांधण्यापूर्वी शेतांतून चाचणीचे चर खणले गेले आणि जेथे अवशेष दिसले तेथे रीतसर उत्खनन झाले. एका वेळी अडीचशेपर्यंत पुरातत्त्वज्ञ तेथे राबत होते. तरीही २०२० साली तो रस्ता मुदतीपूर्वी खुला झाला. आपल्या दोन मैलांच्या रस्त्यास एवढा फौजफाटा नको. एक जाणता अधिकारी आणि दोन-चार चर पुष्कळ झाले.

सर्वांत महत्त्वाचे आता सांगतो. मातीकामावर कुदळ आपल्याच माणसांच्या हाती असते, म्हणून वस्तू प्रथम त्यांनाच दिसते. एखादी बुद्धमूर्ती निघाली तर ती उचलून विहारात बसवावी, असे श्रद्धेने वाटणे स्वाभाविक आहे. तसे करू नये. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास सापडविणारा आपला वाटा गमावतो आणि एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षाही होऊ शकते. आपल्या माणसावर चोरीचा आळ यावयास वेळ लागत नाही, हे मी वकील या नात्याने जाणतो. शिवाय मूर्ती कोणत्या थरात, कोणत्या विटांशेजारी होती, हाच तिचा पुरावा असतो. जागेवरून हलविली की तो नाहीसा होतो. काम तेथेच थांबवावे, जागेवर माणूस बसवावा.

रस्त्याची आखणी ठरत असतानाच ग्रामसभेत ठराव मांडावा. टेकाडाचा गट क्रमांक, विटांचे वा खापरांचे वर्णन आणि छायाचित्र जोडून जिल्हाधिकारी व राज्याचे पुरातत्त्व संचालनालय यांना अर्ज करावा. रस्ताही हवा आणि तपासणीही हवी, असे त्यात स्पष्ट लिहावे, म्हणजे एकाचे निमित्त करून दुसरे नाकारता येणार नाही. अर्ज तोंडी देऊ नये. प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.