आडनावाचा पंचनामा
(पारोळा येथे सोनवणे आडनावाच्या तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मॅट्रिक झालेला माणूस. मुंबईच्या गोदीत माल उतरवतो, पाळी संपली की कविता लिहितो. इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण गेलं वर्षभर आपण सगळ्यांनी मिळून जे कागद गोळा केलेत, त्यांचा हिशेब कुणीतरी मांडला पाहिजे, म्हणून उभा राहिलोय. हिशेब मांडला की भांडण होणार. होऊ द्या.

आपल्यातले काहीजण म्हणतात, सोनवण्यांचं मूळ राजघराणं शोधू, वंश ठरवू, छापील वंशावळ भिंतीवर टांगू. मी विचारतो, कशाला? ज्या व्यवस्थेनं आपल्या बापाला गावकुसाबाहेर ठेवलं, तिच्याच दारात जाऊन ‘आम्हीपण वरचेच होतो हो’ असं म्हणायचं? मग खालचे कोण उरले? कुणालातरी खाली ठेवल्याशिवाय राजाचा वंश उभा राहत नाही.

आपल्या खानदेशात म्हातारा माणूस पहिला प्रश्न टाकतो, ‘कोना पोऱ्या शे रे तू?’ आपण आडनाव सांगतो. सोनवणे म्हटलं की पुढचा गोंधळतो. कारण सोनवणे मराठ्यांत आहेत, कोळ्यांत आहेत, भिल्लांत आहेत आणि आपल्यातही आहेत. मग तो हळूच विचारतो, ‘घर कोणत्या अंगाला?’ आडनावानं जात कळली नाही तर ती दिशेवरनं काढायची. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. पाट्या बदलतील, पण हा प्रश्न अजून जिवंत आहे.

बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात ही गोष्ट फोडून ठेवली आहे. मराठ्यांची कुळं आणि महारांची कुळं त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. ती जुळतात. म्हणजे अस्पृश्यांचा वंश वेगळा, हा दावाच खोटा. लक्षात घ्या, बाबासाहेबांनी कुळं तपासली ती उच्च ठरण्यासाठी नाही, उच्चनीचतेचा पाया उखडण्यासाठी. आपलं संशोधन त्या रस्त्यानं गेलं पाहिजे.

आता ह्या पारोळ्याच्या किल्ल्याकडे बघा. झाशीचे नेवाळकर इथले जहागीरदार. त्यांच्या पिढ्या पुस्तकांत आहेत. १८५३ साली गंगाधररावांनी भाऊकीतलं मूल दत्तक घेतलं, इंग्रजांनी तो वारस मानला नाही, आणि १८५४ साली झाशी खालसा झाली. वंशावळीच्या एका फांदीवरनं राज्य गेलं! १८५७ नंतर इथली जहागीरही जप्त झाली. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण ते लिहिलं गेलं. पण ह्या किल्ल्याचा खंदक कुणी खणला, दगड कुणाच्या खांद्यावरनं चढले? त्यांच्या पिढ्या कुणी लिहिल्या? मी गोदीत वजन उचलतो, मला हा प्रश्न पडतोच.

आपल्या पिढ्या लिहिल्याच नाहीत असं मात्र नाही. सरकारला काम करून घ्यायचं होतं, म्हणून त्यानं लिहिलं. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यू आहेत. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नावं आहेत. वतनाच्या कागदांत वारस आहेत. जुनं बरंचसं मोडीत आहे. आणि गंमत अशी, की आडनाव शोधायला गेलो तर ते पुष्कळदा सापडतच नाही. अमुक वल्द तमुक, जात महार, संपलं! म्हणून नुसतं आडनाव धरून चालत नाही. गाव, बाप आणि आजा, तिन्ही जुळले तरच माणूस आपला धरा. आज्याचं नाव नातवाला ठेवतात; दोन माणसांचा एक माणूस होऊन बसतो. वर्ष तपासा.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. दप्तरं उघडली, मोडीचे जाणकार बसवले. कोतवाल बुकात एकाच जातीचे लोक जन्मले-मेले नाहीत. त्याच पानांवर आपलीही माणसं आहेत. ती वाचायला आपली पोरं मोडी शिकली पाहिजेत.

आता पोटाचं बोलतो. वंशावळ म्हणजे जमीन. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाव वतनं गेली. जमीन वतनदाराला परत मिळायची, पण आकाराच्या तिप्पट रक्कम भरून. आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही. ज्याला हे कळलंच नाही, त्याच्या जमिनीचं काय झालं? फेरफार काढा, वारस लावा, मग कळेल. जातीच्या दाखल्यालाही १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. एका कचेरीत मला तीन खेपा घातल्या, प्रत्येक वेळी नवा कागद. एकट्यानं गेलं की हेच होतं. दहा गावचे कागद एका जागी असले तर एका भावाचा पुरावा दुसऱ्याला उपयोगी पडतो.

आणखी एक. आपण आणलेल्या वंशावळींत बाई कुठाय? बापाला बाप, त्याला बाप! पण ही नावं आपल्याला सांगितली कुणी? आज्यांनी. माहेर-सासर दोन्हीकडच्या पिढ्या त्यांच्या तोंडी आहेत. त्यांची आणि लेकींची नावं पहिल्या रकान्यात घाला. २००५ च्या दुरुस्तीनं लेकीला लेकाइतका वाटा दिलाय. तो आपल्याच कागदात कापू नका.

बाबासाहेबांच्या वडलांचं आडनाव सकपाळ, गाव आंबवडे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत नोंद झाली ती भिवा रामजी आंबेडकर अशी. ज्या नावानं करोडो माणसं उभी राहिली, ते नाव घराण्यानं दिलं नव्हतं. गावावरनं पडलं आणि माणसानं मोठं केलं.

तेव्हा माझा ठराव असा. एक वही करा. रकाने घाला: नाव, आई, बाप, गाव, जमीन, काम, आणि पोट भरायला कुठे गेला. कामाचा रकाना रिकामा सोडू नका. कोळी-भिल्ल सोनवण्यांनाही बोलवा. मराठा सोनवण्यालाही, यायची हिंमत असेल तर. पण वहीत वर-खाली असा रकाना नसेल.

म्हातारी माणसं चाललीत. उद्यापासून त्यांच्यापाशी बसा, लिहून घ्या.

जयभीम!