घरच्या ठशाचे शुभेच्छापत्र



भाद्रपदात गौरी घरी येतात, तेव्हा दारापासून देवघरापर्यंत त्यांची पावले उमटवण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ घरांतून आहे. मूठ वळायची, करंगळीकडची कड ओल्या कुंकवात किंवा कालवलेल्या पिठात बुडवायची आणि जमिनीवर टेकायची. वरच्या अंगाला बोटांच्या टोकांनी पाच ठिपके दिले की झाले पाऊल! दोन्ही मुठी आळीपाळीने टेकल्या की डावे-उजवे पाऊलही साधते. तेव्हा ठसा उमटवणे ही कला आपल्याला कोणी परदेशातून येऊन शिकवावी अशातली नाही. तीच गोष्ट कापण्याची. करंजीची कड दातेरी कापणारे कातणे फळीवर असतेच, आणि मोदकाचा साचाही. आज मी ज्या शुभेच्छापत्रांविषयी बोलणार आहे, त्यांना लागणारी निम्मी हत्यारे अशी तुमच्या स्वयंपाकघरातच आहेत.

शुभेच्छापत्र मात्र मूळचे आपले नाही. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले आणि पत्रांचा पाऊस पडला. त्या टपालसुधारणेच्या कामात हेन्री कोल नावाचे एक गृहस्थ होते. नाताळात आलेल्या इतक्या पत्रांना उत्तरे लिहायची कधी, ही त्यांची अडचण. म्हणून १८४३ साली त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्स्ले या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, ते शिळाछापावर छापले आणि त्यात हाताने रंग भरवले. उरलेली पत्रे एकेक शिलिंगाला विकली. गंमत पाहा, छापील नाताळपत्र जन्माला आले ते मुळी लिहिण्याचा त्रास वाचावा म्हणून! आजही दिवाळीच्या पहाटे एकच चित्र चाळीस जणांच्या मोबाइलवर जाते, त्याचे मूळ कोलसाहेबांच्या या युक्तीतच आहे. त्याला मी नावे ठेवीत नाही. चाळीस जणांची आठवण झाली हेही काही थोडे नाही. पण त्या चाळिसांत दोघे-तिघे असे असतात की ज्यांच्यासाठी थोडा त्रास घ्यावा. माझे बोलणे त्या दोघा-तिघांपुरते आहे.

प्रथम कागद. फार पातळ कागद उभा राहत नाही आणि फार जाड कागद घडीवर फुटतो. स्टेशनरीच्या दुकानात जाड कार्डशीट मिळते, ते चालते. हातकागद मिळाला तर फारच उत्तम. हातकागदाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जुन्नरचा कागद एके काळी प्रसिद्ध होता. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा नावाचे गाव आहे, त्याचे नावच या धंद्यावरून पडले. पुण्यात हातकागदाची संस्था १९४० साली सुरू झाली. सुती चिंध्यांच्या लगद्याच्या या कागदावर ठसा असा काही बसतो की गुळगुळीत कागदावर ती मजा नाही.

नेहमीच्या ए-फोर मापाच्या कागदाचे मधोमध दोन तुकडे केले आणि प्रत्येकाची घडी घातली की पोस्टकार्डाएवढी दोन पत्रे होतात. घडी घालण्यापूर्वी कागद हलकेच वाकवून पाहावा. एका बाजूने तो सहज वाकतो, दुसऱ्या बाजूने अडतो. सहज वाकेल त्या बाजूने घडी ठेवावी. शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून आधी एक रेघ दाबून घ्यावी आणि मग मोडावे, म्हणजे कड सुबक येते.

आता ठसा. सुरुवात बटाट्यापासून करावी. मोठा बटाटा एका घावात सरळ कापा आणि कापलेली बाजू फडक्यावर पालथी घालून दहा मिनिटे ठेवा. हे विसरू नका, कारण बटाट्याचे पाणी रंगात उतरले की ठसा फिकट येतो. मग टोकदार सुरीने नक्षी ठेवून बाकीचा भाग तीन-चार मिलिमीटर खोल काढून टाका. भेंडी आडवी कापली तर काहीच कोरायला नको, फूल आयतेच मिळते. बटाट्याचा ठसा मात्र एक दिवसाचा सोबती. दुसऱ्या दिवशी तो सुरकुततो. टिकाऊ ठसा हवा असेल तर मोठे खोडरबर घ्यावे. त्याहून टिकाऊ म्हणजे कापड छापण्याचे सागवानी ठसे. गुजरातेत गांधीनगरजवळ पेथापूरला ते पिढ्यानपिढ्या कोरले जातात. हौशी माणसाला असे दोन-तीन ठसे जन्मभर पुरतात.

रंगासाठी ताटलीत जुन्या सुती कापडाच्या चार घड्या ठेवाव्यात आणि त्यांवर दाटसर पोस्टर रंग मुरवावा. ठसा त्या गादीवर टेकवायचा, रंगात बुडवायचा नाही. कागदाखाली वर्तमानपत्राची जाड घडी असावी, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो. पहिले दोन ठसे रद्दीवर मारून पाहावेत.

इथे माझी एक फजिती सांगते. पहिल्याच वर्षी मी मोठ्या उत्साहाने खोडरबरावर ‘शुभ दीपावली’ अशी अक्षरे कोरली. दोन संध्याकाळी गेल्या. ठसा उमटवला तो सगळी अक्षरे उलटी! आरशासमोर धरले तरच वाचता येईल अशी. ठशातले डावे ते कागदावर उजवे होते, हे मला ठाऊक होते, पण हाताला ठाऊक नव्हते. तेव्हा युक्ती अशी: पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने अक्षरे नेहमीसारखी सुलटी लिहावीत, तो कागद खोडरबरावर पालथा ठेवावा आणि मागून नखाने घासावे. पेन्सिलीची छाप उलटी उतरते. तेवढी ठेवून बाकीचे कोरावे, म्हणजे छापताना सुलटे येते.

ठशानंतर कापकाम. लग्नपत्रिका छापणाऱ्या कारखान्यात तुम्ही गेलात तर तिथे डाय पाहायला मिळेल. लाकडी फळीत पोलादाच्या धारदार पट्ट्या हव्या त्या आकारात बसवलेल्या असतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना रबराचे तुकडे चिकटवलेले असतात. यंत्राने दाब दिला की पट्टी कागद कापते आणि दबलेले रबर फुगून कागदाला बाहेर ढकलते. रबर नसेल तर कागद पट्ट्यांतच अडकून बसेल. हल्ली घरी वापरण्याजोगी लहान यंत्रेही निघाली आहेत. पातळ पोलादी डाय आणि कागद दोन जाड प्लॅस्टिकच्या पाट्यांत ठेवायचे आणि मूठ फिरवून दोन रुळांमधून काढायचे. शंभर पत्रे करणाराला ते सोयीचे. दहा पत्रांसाठी तेवढा खर्च कशाला?

घरातला बिस्किटाचा पत्र्याचा साचा मी हातोडीने ठोकून पाहिला आहे. कागद कापत नाही, नुसता वळ उठतो. पण तो वळही कामाचा, कारण कात्रीला तीच रेघ मिळते. आतली बारीक जाळी कापायची तर धारदार कटर आणि खाली जाड पुठ्ठा हवा. मुलांच्या हाती कात्री द्या, कटर देऊ नका.

अक्षरे कापताना आपल्या देवनागरीचा एक मोठा गुण ध्यानात येतो. इंग्रजी शब्द कापला की अक्षरे सुटी होतात आणि एकेक चिकटवताना ओळ वाकडी होते. आपली अक्षरे शिरोरेषेला टांगलेली. शिरोरेषा अखंड ठेवून कापले की सबंध शब्द दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा एकत्र उचलता येतो. अडचण येते ती अनुस्वाराची. ‘आनंद’ कापला की टिंब गळून पडते आणि मग ते जाजमावर शोधत बसावे लागते. म्हणून सुरुवातीला ‘दीपावली’सारखे बिनटिंबाचे शब्द घ्यावेत.

श्रोतेहो, हे सगळे मी शिकले ते हौस म्हणून. पण त्याचा खरा उपयोग मला कळला तो माझ्या मावशीमुळे. म्हातारपणी तिची दृष्टी गेली. दिवाळीत तिच्याकडे पत्रे येत, शेजारची मुलगी वाचून दाखवी. एकदा मी तिच्याजवळ बसले होते. एक चांगले सोनेरी छपाईचे पत्र तिच्या हातात होते. त्यावरून बोटे फिरवीत ती म्हणाली, “यात काय आहे गं? मला आपलं सगळं गुळगुळीतच लागतं.”

पुढच्या दिवाळीला मी तिच्यासाठी निराळे पत्र केले. जाड पुठ्ठ्याची पणती कापली आणि तीन थर एकावर एक चिकटवून ती उंच केली. भोवती मागच्या बाजूने बोथट सुईने टोचून ठिपक्यांची रांगोळी काढली. वरच्या अंगाला ते ठिपके फोडासारखे उठतात. खाली पुठ्ठ्यातून अखंड कापलेला एकच शब्द चिकटवला. ब्रेल लिपी ती कधी शिकली नव्हती, पण देवनागरी अक्षरे तर तिने साठ वर्षे वाचली होती. तिने आधी शिरोरेषा शोधली, मग एकेका अक्षरावरून बोट खाली आणले. “म... मा... व...” आणि एकदम हसली. “अगं, मावशी! म्हणजे मीच की!” मग पणतीवर बोट गेले. “ज्योत जरा वाकडी झालीय.” मी म्हटले, “सुरी घसरली गं.” तर म्हणाली, “असू दे. वारा असेल.”

त्यानंतर दर दिवाळीला तिचे पत्र ठरलेले. एका वर्षी मात्र माझ्याच्याने झाले नाही. घरात कामे होती, दुखणी होती. कारणे काय, नेहमी असतातच. मी दुकानातून एक भारी पत्र आणले. त्यावर दाबून उठवलेला गणपती होता, बोटांना छान लागेल असा. मनात म्हटले, हे तर माझ्यापेक्षा सुबक आहे. पाडव्याला तिचा फोन आला. पत्र पोचले, गणपती सोंडेसकट सापडला, सगळे सांगितले. फोन ठेवता ठेवता म्हणाली, “पण यंदा माझं नाव नव्हतं गं त्यात.”

रागाने नव्हे, सहज म्हणाली. मला मात्र ते फार लागले. संक्रांतीला मी तिळगुळाच्या पुडीबरोबर तिचे पत्र पाठवले. ‘मावशी’ हा शब्द त्यावर नेहमीपेक्षा मोठा कापला होता.

हाताने केलेले म्हणून पत्र आपोआप चांगले होते असे नाही, हे मी तेव्हा शिकले. चिकट डागांचे, घाईत उरकलेले पत्र ‘घरी केलंय हं’ म्हणून कोणाच्या हाती देऊ नये. आणि नुसती कारागिरी दाखवायला केलेले पत्रही देऊ नये. ज्याला पाठवायचे त्याला आधी डोळ्यांसमोर आणावे. मग वाकडी ज्योतही खपून जाते.

आता वेळेचा हिशेब. एका पत्राला वीस मिनिटे धरली तरी तीस पत्रांना दहा तास झाले. एकेक पत्र पुरे करीत बसलात तर कंटाळाल. एका दिवशी सगळे कागद कापावेत, दुसऱ्या दिवशी घड्या, तिसऱ्या दिवशी ठसे. अमेरिकेत वुस्टर गावी एस्थर हाउलंड नावाच्या तरुणीने १८४७च्या सुमारास कागदी जाळीची प्रेमपत्रे करायला घेतली. मागणी वाढली तेव्हा तिने मैत्रिणींना बोलावले. एकीने चित्रे कापायची, दुसरीने कागदाची जाळी बसवायची, तिसरीने चिकटवायचे, अशी वाटणी केली आणि त्यातून मोठा धंदा उभा राहिला. तुम्हाला धंदा करायचा नसेलही, पण घरात एकाने कापावे, एकाने ठसा मारावा, आजोबांनी पत्ते लिहावेत, ही वाटणी आपल्यालाही जमेल.

चिकटवायला पातळ डिंक किंवा गव्हाच्या पिठाची खळ घ्यावी आणि पत्रे रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवावीत. पाकीट पत्राहून बोटाच्या पेरभर मोठे असावे. पोस्टाने पाठवायचे तर टिकल्या, मणी, लाकडी तुकडे लावू नयेत. ते पाकीट फाडतात आणि शिक्का मारणाऱ्या यंत्रात अडकतात. मावशीच्या पत्रासारखे जाड पत्र असेल तर पुठ्ठा घालून पाठवावे आणि टपालकचेरीत वजन करूनच तिकीट लावावे. कमी तिकिटाचा दंड घेणाऱ्याला भरावा लागतो. आपल्या शुभेच्छांसाठी दुसऱ्याला पैसे मोजायला लावणे बरे नव्हे!

तेव्हा पुढच्या सणाला फार नको, एकच पत्र करून पाहा. एक बटाटा, एक कात्री, थोडा रंग आणि एक नाव, एवढे पुरे. नाव कोणाचे घालायचे, ते आधी ठरवा.