निवारा कोरडा हवा



अभियंत्यांच्या या वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलं आहे. जलरोधनाचं काम आयुष्यभर केलेल्या माणसाला हा मान मिळतो तेव्हा त्याने आपल्या कामाविषयीच बोलावं, असं मला वाटतं. म्हणून आज मी भूमिगत निवाऱ्यांविषयी आणि त्यांत शिरणाऱ्या पाण्याविषयी बोलणार आहे.

मे 2025 मध्ये जम्मूच्या सीमेवर तोफगोळे पडू लागले आणि गावकरी बंकरांकडे धावले. हे बंकर अलीकडचे आहेत. जम्मू, कठुआ, सांबा, राजौरी आणि पूंछ या पाच जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारने 14,460 बंकर मंजूर केले; त्यांतले 13,029 कुटुंबांसाठी आणि 1,431 सामुदायिक. कौटुंबिक बंकर 160 चौरस फुटांचा, आठ माणसांसाठी. सामुदायिक 800 चौरस फुटांचा, चाळीस माणसांसाठी. ही योजना चांगली आहे, तिने माणसं वाचवली आहेत. पण काही बंकरांत पाणी साचतं, भिंतींना ओल येते, या तक्रारी सीमेवरच्या गावांतून वारंवार येत राहिल्या.

त्यांचं कारण जमिनीत आहे. जम्मूच्या सीमेवरचा आर. एस. पुरा हा बासमतीचा मुलूख. रणबीर कालव्याचं पाणी आणि वर पावसाळा. ऐन हंगामात शेतात पाणी उभं, आणि त्या शेताच्या कडेला जमिनीत काँक्रीटची एक पेटी पुरलेली. तिचा तळ पाण्याच्या पातळीखाली दोन मीटर आहे असं धरा. एक मीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक टन दाब. 160 चौरस फूट म्हणजे सुमारे 15 चौरस मीटर. म्हणजे त्या लहानशा खोलीच्या तळाला पाणी खालून 30 टनांच्या जोराने वर ढकलतं आहे. सामुदायिक बंकरात हाच आकडा दीडशे टनांच्या घरात जातो. गोळ्याचा आघात येईल तेव्हा येईल. पाण्याचा दाब मात्र रात्रंदिवस असतो. आपण आराखड्यात पहिल्याचा हिशेब मांडतो आणि दुसऱ्यासाठी ‘वॉटरप्रूफिंग करून घेणे’ अशी एक ओळ लिहितो.

ही चूक आपल्यापुरती नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनने घराच्या मागच्या बागेत पुरायचा अँडरसन निवारा काढला. नालीदार जस्ती पत्र्याचे तुकडे बोल्टांनी जोडायचे, चार फूट खोल खड्ड्यात बसवायचे आणि वर किमान पंधरा इंच माती टाकायची. वाटप फेब्रुवारी 1939 मध्ये सुरू झालं. वार्षिक उत्पन्न 250 पौंडांपेक्षा कमी असलेल्यांना तो फुकट मिळे. युद्धाआधी सुमारे 15 लाख आणि पुढे आणखी 21 लाख निवारे दिले गेले. बॉम्बच्या हादऱ्यापुढे तो पत्रा चांगला टिकला. टिकला नाही तो थंडीच्या पावसापुढे. खड्ड्यात पाणी भरे, बादल्यांनी उपसावं लागे, अंथरूण ओलं होई. मुलंबाळं घेऊन अशा खड्ड्यात रात्र काढण्यापेक्षा लोक घरात जिन्याखाली झोपू लागले. अखेर 1941 मध्ये घरातच ठेवायचा, टेबलासारखा वापरता येणारा मॉरिसन निवारा आणावा लागला. इतक्या मोठ्या प्रमाणावर उभारलेली व्यवस्था तिच्यात पाणी शिरल्यामुळे लोक टाळू लागले, ही गोष्ट आपल्या अभ्यासक्रमात शिकवली पाहिजे. ओल्या निवाऱ्यात माणूस जात नाही, आणि ज्यात माणूस जात नाही त्याचं काँक्रीट कितीही भक्कम असलं तरी ते वाया गेलं.

आपल्याकडे हे शहाणपण फार जुनं आहे. 1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याची व्यवस्था सांगितली आहे. तळघर करावं, त्याला गच्च करावा, आत माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत, दारू सर्द होऊ देऊ नये आणि हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावं, अशी ती आज्ञा आहे. पाणी येऊ नये म्हणून गच्च. आलंच तर माल वर राहावा म्हणून माच. आणि हवेतली ओल उरतेच, म्हणून ठरलेल्या दिवशी ऊन, आणि त्याला जबाबदार एक माणूस. गच्च केला म्हणजे काम संपलं, असं अमात्यांनी मानलं नाही. आजच्या ब्रिटिश मानकात, म्हणजे बी.एस. 8102 मध्ये, तळघराच्या संरक्षणाचे तीन प्रकार सांगितले आहेत: बाहेरून आवरण, मूळ काँक्रीटच जलरोधक करणं, आणि आत आलेलं पाणी पोकळीतून गोळा करून बाहेर काढणं. धोका मोठा असेल तिथे यांतले दोन एकत्र वापरा, असं ते मानक सुचवतं. एका थरावर विसंबू नका, हे अमात्यांनीही जाणलं होतं.

आता आपल्या मातीकडे येतो, कारण आपली बहुतेक मंडळी काम करतात ती बेसॉल्टमध्ये. पुण्यात, नाशकात, संभाजीनगरात खोदाई एप्रिल-मे महिन्यात होते. वर थोडी माती, मग मुरूम, मग पक्का खडक. खड्डा कोरडा ठणठणीत. अहवालात ‘भूजल आढळले नाही’ असं लिहून सगळे मोकळे होतात. मग भिंत उभी राहते आणि भिंत व कापलेला खडक यांच्यामधल्या फटीत डबर, विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, हाताला येईल ते भरलं जातं. जून उजाडतो. गच्चीचं, अंगणाचं, शेजारच्या प्लॉटचं पाणी त्या सैल भरावात उतरतं, आणि सभोवती अभंग खडक असल्यामुळे त्याला पुढे जायला वाट नसते. आपण घराभोवती विहीर बांधलेली असते आणि घर त्या विहिरीत उभं केलेलं असतं. भूजल नसलेल्या जागी जमिनीच्या पातळीपर्यंत पाण्याचा दाब येतो तो असा. दोन लाव्हाथरांच्या मधला तो तांबडा मातकट पट्टा खोदाईत दिसला तर आणखी सावध व्हा. पाणी त्याच्या आधाराने आडवं चालतं आणि पावसाळ्यात तिथून उमाळे फुटतात.

यावर महागडं रसायन हा पहिला उपाय नाही. भराव स्वच्छ खडीचा करा, तळाशी भोकांचा पाइप टाका, त्याला उतार द्या, पाणी मोकळ्या जागी किंवा खड्ड्यात नेऊन सोडा आणि वरून चिकणमातीने किंवा फरसबंदीने तोंड बंद करा. पाण्याला वाट मिळाली की भिंतीवरचा दाब उतरतो. मग शहाबादी फरशीचं बॉक्स टाइप वॉटरप्रूफिंग असो की बेंटोनाइटची चादर, ते आपलं काम करू शकतं.

आता एक जागा जवळून पाहू. राफ्ट आणि भिंत यांच्या सांध्याची. राफ्ट ओतून झालं की वर चार-सहा इंचांचा स्टार्टर असतो. त्यावर सेंटरिंग बंद करतात. बंद करण्याआधी तिथे काय पडलेलं असतं, ते वाकून पाहिलं आहे? बांधणीच्या तारेचे तुकडे, लाकडाचा भुसा, वाळलेली स्लरी, विडीची थोटकं. पाणीबंद पट्टी मधोमध उभी राहायला हवी. ती सळईला नीट बांधलेली नसल्याने एका अंगाला लवंडलेली असते. मग दहा फुटांवरून काँक्रीट पडतं. खडी आधी खाली पोचते, माल सळयांत अडकतो, व्हायब्रेटरची सुई तळापर्यंत जात नाही. फळ्या काढल्या की नेमकं तिथेच हनीकोंब. पाण्याचा दाब सर्वांत जास्त जिथे, तिथेच काँक्रीट सर्वांत पोकळ. त्यावर गिलावा थापून पुढे जायचं आणि पावसाळ्यानंतर आतून ग्राउटिंग करायचं, असा रिवाज पडला आहे. तो मोडला पाहिजे. तारेचा ब्रश, हवेचा झोत, पट्टीच्या दोन्ही बाजूंना घट्ट बांधणी आणि पहिला एक फूट बारीक खडीच्या मालाने हळूहळू भरणं, यात एका पाळीपेक्षा जास्त वेळ जात नाही. हे काम मन लावून करणारा मिस्त्री मला कुठल्याही रसायनाच्या डब्यापेक्षा मोलाचा वाटतो, आणि त्याला तशी मजुरी मिळाली पाहिजे.

ओल नेहमी बाहेरूनच येते असंही नाही. शांत बसलेला माणूस श्वासावाटे आणि घामावाटे तासाला साधारण 40 ते 50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चाळीस माणसं आठ तास बंकरात बसली तर 13 ते 16 लिटर पाणी त्या हवेत मिसळतं. जमिनीतली भिंत गार असते, तिच्यावर ते थेंबाथेंबाने जमतं, आणि सकाळी आपण म्हणतो भिंत गळते. निदान सोपं आहे. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवा आणि दिवसभर ठेवा. तुकड्याच्या आत, भिंतीकडून पाणी धरलं तर पाझर; बाहेर, खोलीकडून धरलं तर हवेतली ओल. दुसऱ्या प्रकारावर वॉटरप्रूफिंगचा खर्च करणं म्हणजे मालकाची फसवणूक आहे. तिथे वायुवीजन हवं.

आत आलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाविषयी माझं मत स्पष्ट आहे. मॉलच्या पार्किंगमध्ये पंपावर भरवसा ठेवणं चालेल. निवाऱ्याची गरज लागते तीच मुळी दिवे गेलेले असताना. मे 2025 मध्ये जम्मूत अंधारपट पाळले गेले ते आपण पाहिलं. म्हणून निवाऱ्याचं पाणी शक्य तिथे उताराने गेलं पाहिजे, आणि तसं शक्य नसेल तिथे हातपंप असायलाच हवा. मुंबईच्या राजभवनाखाली 2016 मध्ये ब्रिटिशकालीन बंकर सापडला. इतकी वर्षं बंद राहिलेल्या त्या तेरा खोल्यांच्या बांधकामात पाण्याच्या निचऱ्याची आणि हवा-उजेडाची सोय मुळातच केलेली आढळली. बांधणाऱ्यांनी ती आधी योजली होती.

आणि दारं. 27 जुलै 2024 रोजी दिल्लीत राजेंद्रनगरमधल्या एका शिकवणी वर्गाच्या तळघरात रस्त्याचं पाणी शिरलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडून मेले. 26 मे 2025 रोजी वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात पाणी घुसलं ते बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गाकडून. भिंती पाणीबंद असल्या तरी जिन्यावाटे पाणी आलं तर त्यांचा उपयोग नाही. उंबरा रस्त्यापेक्षा उंच आणि बाहेर पडायला दुसरी वाट, या दोन गोष्टींवाचून कुठलंही तळघर मंजूर होता कामा नये. दिल्लीतली ती तीन मुलं कुणाच्या तरी घरची होती. आपल्यातलंच कुणीतरी अशा इमारतींच्या कागदांवर सह्या करत असतं.

म्हणून या परिषदेपुढे मी एक ठराव ठेवतो आणि तो आजच संमत व्हावा अशी विनंती करतो. जमिनीखालच्या प्रत्येक खोलीचा जलरोधनाचा स्वतंत्र नकाशा निविदेबरोबरच निघावा आणि त्यावर एका अभियंत्याचं नाव असावं. सांधे आणि पाइपांची भोकं तपासून त्या अभियंत्याने लेखी परवानगी दिल्याशिवाय भराव टाकू नये. सार्वजनिक निवाऱ्यासाठी देखभालीची वही असावी, पावसाळ्याआधी आणि नंतर तिच्यात नोंद व्हावी, आणि त्या नोंदीसाठी गावातल्या एका माणसाला मानधन मिळावं. ठरावाचा मसुदा आपल्या खुर्च्यांवर ठेवलेला आहे. जेवणाच्या सुट्टीआधी तो वाचा आणि दुरुस्त्या असतील तर लेखी द्या; दुपारच्या सत्रात पहिला विषय हाच घेऊ.