करड्या देवमाशाची वारी

देवमासा नावाने मासा असला, तरी तो मासा नव्हे. त्याचे रक्त उष्ण असते, तो हवेत श्वास घेतो आणि त्याची मादी पिलाला दूध पाजते. या कुळातील करडा देवमासा आज उत्तर पॅसिफिक महासागरात राहतो. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या खाड्यांपासून उत्तरेच्या बेरिंग व चुकची समुद्रांपर्यंत जाऊन परत येण्याची त्याची वार्षिक वारी सुमारे १६,००० ते २०,००० किलोमीटरांची असते.

एवढा खटाटोप कशासाठी? दक्षिणेत पिलासाठी उबदार, शांत पाणी आहे. अन्न मात्र उत्तरेत आहे. या प्राण्याला दात नसतात. आपली नखे ज्या द्रव्याची असतात, त्याच द्रव्याच्या पट्ट्यांची झालर त्याच्या वरच्या जबड्यातून लोंबते. उन्हाळ्यात तो समुद्रतळाशी कुशीवर वळतो, तोंडभर चिखल ओढून घेतो आणि झालरीतून पाणी व गाळ बाहेर लोटतो. आत उरतात ते कोळंबीच्या दूरच्या नात्यातले चिमुकले जीव. चौदा-पंधरा मीटर लांबीचा देह पोसला जातो तो यांवर! पुढचे कित्येक महिने तो जवळजवळ उपाशीच असतो. मादी पिलाला पाजते, तेही साठविलेल्या चरबीच्या बळावर.

१८५७ च्या सुमारास कप्तान चार्ल्स स्कॅमन व त्याच्यामागून इतर शिकारी याच खाड्यांत शिरले. पिलासाठी होड्यांवर तुटून पडणाऱ्या या प्राण्याला त्यांनी ‘सैतानी मासा’ म्हटले. पुढे १९४६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने व्यापारी शिकारीला आळा बसला. कळप सावरले, १९९४ मध्ये अमेरिकेने पूर्व पॅसिफिकमधील या देवमाशाला संकटग्रस्तांच्या यादीतून वगळले. २०१६ मध्ये त्यांची संख्या सुमारे २७,००० होती.

पण २०२५ मध्ये ती सुमारे १३,००० वर आली. या वेळी भाला कोणी उगारला नव्हता. बर्फाखाली वाढणारे शेवाळ तळाशी पडते आणि त्यावर चिखलातले ते जीव जगतात. समुद्र तापून बर्फ घटू लागला, तशी ही शिदोरीच आटत चालली, असे संशोधक सांगतात. कायद्याने शिकाऱ्याचा हात धरता आला. चिखलातला हा घास राखणे त्याहून कितीतरी कठीण आहे.